डेन्मार्कचे ९० गुण आणि आमचा फेरफार

तेरणाकाठ:
परवा 'उत्तरेचा वारा' यांनी पोस्ट टाकली. भ्रष्टाचाराच्या जागतिक निर्देशांकात (गुण जितके जास्त, कारभार तितका स्वच्छ) २०२४ साली डेन्मार्कला १०० पैकी ९० गुण, आपल्याला ३८, आणि १८० देशांत ९६वा नंबर. खाली एकच वाक्य: "कारभार म्हणजे काय हे कळायला गाव सोडावं लागतं." लोकांनी अंगठे दाबले, दोघांनी 'अगदी बरोबर' लिहिलं. मी तिथंच उत्तर द्यायला बसलो, ते लांबलं, म्हणून हा वेगळा धागा.

हे गुण देतं कोण? ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनल ही बर्लिनची संस्था. ती काही कुठं सापळा लावून बसत नाही. इतरांनी केलेल्या तेरा पाहण्या आणि तज्ज्ञांचे अंदाज गोळा करायचे, एका मापात बसवायचे आणि सरासरी काढायची. म्हणजे सगळा कारभार 'वाटतं' यावर. कुणाला वाटतं? उद्योगवाल्यांना आणि देशांची जोखीम मोजणाऱ्यांना. तहसीलीच्या व्हरांड्यात फाईल काखेत धरून बसलेल्या माणसाला यातलं कुणी विचारायला येत नाही.

आणि 'भारत' असा एकच आकडा कसा काढता? आपल्या एका राज्यात विकासाचा अनुशेष, म्हणजे कुठला भाग किती मागं राहिला, ते मोजायचं तर जिल्हा धरायचा की तालुका, यावर आजवर एकमत नाही. दांडेकर समितीनं १९८४ ला जिल्हा धरला, केळकर समितीनं २०१३ ला तालुका धरा म्हणून सांगितलं, आणि ज्या विकास मंडळांनी यावर नजर ठेवायची त्यांची मुदत २०२० च्या एप्रिलात संपली. पुण्याचा आणि परंड्याचा कारभार एका आकड्यात बसत नाही, तिथं केरळ आणि झारखंड एकत्र बसवलेत.

व्यवसाय सुलभतेचं काय झालं ते आठवा. जागतिक बँकेच्या यादीत आपण १४२ वरून ६३ वर आलो, ढोल वाजले. मोजलं होतं फक्त मुंबई आणि दिल्लीत. पुढं चीन आणि आणखी काही देशांच्या आकड्यांत फेरफार निघाला आणि २०२१ ला बँकेनं तो अहवालच बंद केला.

फेरफारावरून आठवलं. वडील गेल्यावर मी वारस नोंदीचा, म्हणजे जमीन नावावर करायच्या फेरफाराचा, अर्ज दिला. साधी नोंद, भावकीत तंटा नाही, कुणाची हरकत नाही. मधे पेरणी झाली, काढणी झाली, सोयाबीन विकून पैसे खर्चून झाले, आणि सातबाऱ्यावर वडीलच. शेवटी ज्याला भेटायचं त्याला 'भेटलो', आठवड्यात नोंद झाली. माझ्या लेखी सरकारचा दर्जा तो. मोजायचं तर माणसाच्या हातात काय पडलं आणि किती दिवसांनी पडलं, ते मोजा.

असं मोजलेलं आहेही. चार अर्थतज्ज्ञांनी १५९ देशांत प्रत्येकी दहा पत्रं टाकली, अस्तित्वात नसलेल्या कंपन्यांच्या पत्त्यावर. आंतरराष्ट्रीय टपाल करारानुसार असं पत्र परत पाठवावं लागतं. कुठून किती परत आली आणि किती दिवसांनी, हे मोजलं. कुणाला काय वाटतं हा प्रश्नच नाही. हे मला पटतं.

तूरडाळ:
आमच्या गावात असं पत्र टाकून बघा म्हणावं. पाकिटावर निस्तं 'देशमुख' दिसलं की पोस्टमन कुठल्यातरी देशमुखाच्या ओसरीवर टाकून मोकळा. दोन दिवसांनी ते देशमुख ते घेऊन दुसऱ्या देशमुखाकडं जाणार, चहा होणार. पत्र काही परत जायचं नाही. मग भारताला शून्य गुण आणि आमच्या पोस्टमनला बदनामी.

उत्तरेचा वारा:
पत्रं प्रत्येक देशातल्या पाच मोठ्या शहरांत टाकली होती, तूरडाळ. तुमच्या देशमुखांपर्यंत ती आलीच नसती.

आता मूळ मुद्दा. तेरणाकाठ, 'वाटतं' म्हणून हिणवणं सोपं आहे. लाचेची पावती मिळत नाही, मग मोजायचं कसं? लाचलुचपतच्या सापळ्यांवरून? जिथं खातं जोरात काम करतं तिथं सापळे जास्त, म्हणजे तेच राज्य सगळ्यात भ्रष्ट ठरणार. जिथं खातं झोपलंय तिथं रामराज्य. म्हणून तर रोज व्यवहार करणाऱ्यांना विचारतात.

जागतिक बँकेचे कारभाराचे निर्देशांक १९९६ पासून आहेत आणि ते सगळं एका आकड्यात कोंबत नाहीत. सहा बाजू वेगळ्या मोजतात: लोकांचा आवाज, स्थैर्य, सरकारची कार्यक्षमता, नियमन, कायद्याचं राज्य आणि भ्रष्टाचारावरचा ताबा. म्हणून सिंगापूर कार्यक्षमतेत वरच्या टोकाला दिसतं आणि लोकांच्या आवाजात मधेच कुठंतरी. शिवाय प्रत्येक आकड्याबरोबर चुकीची मर्यादाही, म्हणजे आकडा किती इकडंतिकडं असू शकतो ते, छापतात. ती मर्यादा पेपरवाले गाळतात आणि 'तीन क्रमांकांनी घसरलो' अशी बातमी करतात. यात मोजणाऱ्यांचा काय दोष? भ्रष्टाचाराच्या यादीत आपण २०१२ ला ३६, २०१८ ला ४१, २०२४ ला ३८. हे चढउतार किरकोळ आहेत, मान्य. पण ३८ आणि ९० मधलं अंतर किरकोळ आहे, असं तुम्हाला म्हणायचंय का?

मी गेवराईकडचा. इथं डेन्मार्कला आल्यावर घर बदललं, पत्ता घरी बसून ऑनलाइन बदलला, कुणाला 'भेटावं' लागलं नाही. तुमची फेरफाराची गोष्ट वाचली. ती माझ्याच बाजूनं साक्ष देते.

तेरणाकाठ:
माझी गोष्ट माझ्या बाजूनंच आहे. डेन्मार्कची अख्खी लोकसंख्या साठ लाखांच्या आसपास. त्यांना साठ लाख घरं सांभाळायचीत, आम्हाला फक्त महाराष्ट्रात बारा कोटी.

उत्तरेचा वारा:
साठ लाख माणसं, घरं नव्हेत. आणि लोकसंख्येवर ढकलायचं असेल तर दक्षिण सुदान सव्वा कोटीच्या आत आहे, त्याच २०२४ च्या यादीत गुण आठ. तिथलं काय सांगाल?

खडूफळा:
मी जिल्हा परिषदेत शिक्षक. प्रत्यक्ष जाऊन मोजायचं म्हणता, तर आमचं मोजून झालंय. २००३ च्या सुमारास न सांगता शाळांत जाऊन हजेरी तपासली होती. देशात २५ टक्के शिक्षक गैरहजर, युगांडात २७, बांगलादेशात १६. आपला महाराष्ट्र १५ वर, तपासलेल्या राज्यांत सगळ्यात कमी. झारखंड ४२. हे कुणी पोस्टमधे टाकत नाही. टाकलं तर अंगठे कुणाला द्यायचे?

त्यातही मेख आहे. गैरहजर म्हणजे घरी झोपलेला नव्हे. मतदार यादीचं काम, सर्वेक्षण, प्रशिक्षण, तालुक्याची बैठक, धान्याचा हिशेब. अचानक आलेल्या पाहुण्याला वर्गात मास्तर दिसला नाही की लागला शेरा. गेल्या महिन्यात मी शाळेत किती होतो आणि ऑनलाइन माहिती भरत किती होतो, हे कोण मोजतंय? आता पोरांचे फोटो काढून अपलोड करायचं नवीन निघालंय. रेंज येते फक्त पाण्याच्या टाकीवर.

तूरडाळ:
गुरुजी टाकीवर चढून पगार घ्यायलेत तर.

खडूफळा:
तुमच्यासारख्यांमुळंच बोलायला नको वाटतं. तुमचं पोरगं कुठल्या शाळेत आहे ते सांगा.

तूरडाळ:
इंग्रजी शाळेत. अन् तिथंही गुरुजी टाकीवरच असत्यात, फी तेवढी माझी.

शेवंती:
मी सेवा केंद्र चालवते. तेरणाकाठ दादा 'किती दिवस लागले ते मोजा' म्हणायलेत, त्यावर लिहायचं होतं.

ते मोजणं २०१५ पासून चालू आहे. सेवा हक्क कायदा आला, प्रत्येक दाखल्याला मुदत ठरली. उत्पन्नाच्या दाखल्याला पंधरा दिवस. मुदतीनंतर अपील करता येतं, दंडही होऊ शकतो. कागदावर छान. आमच्याकडं काय होतं सांगते. चौदाव्या दिवशी अर्ज त्रुटीत येतो. 'स्वयंघोषणापत्रावरील सही अस्पष्ट.' नवीन सही घेऊन पाठवला की तारीख परत पहिल्यापासून मोजायला सुरू. अहवालात सगळे अर्ज मुदतीत निकाली. माझ्या काउंटरवर मात्र तीच म्हातारी तिसऱ्यांदा उभी असते, आणि ती मला शिव्या देते, वरच्या साहेबाला नाही.

तुमचं दिवस मोजणं जगभर लावलं तर जगभर चौदाव्या दिवशी त्रुटी निघतील.

उत्तरेचा वारा:
शेवंतीताईंनी दोन परिच्छेदांत जे सांगितलं ते सांगायला विद्यापीठात अख्खी शाखा लागते. तेरणाकाठ, आता बोला. त्या म्हातारीला 'काय वाटतं' हे विचारलं असतं तर खरं कळलं असतं ना?

तेरणाकाठ:
म्हातारीला विचारा, मी पहिला हात वर करतो. तुमच्या तेरा पाहण्यांत ती कुठं आहे ते दाखवा. ती नाहीच, म्हणून तर धागा काढला. जिंकल्याच्या थाटात लिहू नका.

गिरदावर:
मी महसुलात होतो, आता निवृत्त. तहसीलीला सगळ्यांनी झोडपलं, म्हणून एक विचारतो. मराठवाड्यात कारभार मोजायचा म्हणजे आणेवारी, म्हणजेच पैसेवारी: गावाचं पीक रुपयात किती पैसे आलं तो आकडा. ती कुणाला आठवली नाही? सप्टेंबरात नजरअंदाज, ऑक्टोबरात सुधारित, डिसेंबरात अंतिम. पन्नास पैशांच्या खाली आली तर महसुलात सूट, पोरांची परीक्षा फी माफ, कृषिपंपाच्या बिलात ३३.५ टक्के सवलत. एवढी ताकद असलेला आकडा डेन्मार्कनं बघितला नसेल.

आणि तो आम्ही खुर्चीत बसून काढत नव्हतो. आकड्यांच्या तक्त्यावरून गट नंबर निघायचा, त्या रानात दहा बाय पाच मीटरचा तुकडा मोजायचा, चार खुंट्या ठोकून दोरी ताणायची. दोरीवर आलेलं झाड आत धरायचं की बाहेर, यावर सरपंच आणि कृषी सहायक हमरीतुमरीवर यायचे. मग कापणी, ताडपत्रीवर मळणी, काट्यावर वजन. शेतकरी शेजारी उभा राहून सांगायचा, "साहेब, वलं हाय अजून, वजन जास्त भरलंय."

मांजराकाठची:
गिरदावर काका, दोरी ताणलेली आम्हीही बघितली. चांगल्या रानात ताणलेली बघितली. मेलेल्या तुरीजवळ कुणी खुंटी ठोकलेली माझ्या आजीनंही बघितली नसंल. गावात पाण्याचा टँकर चालू आणि पैसेवारी छप्पन्न!

गिरदावर:
गट नंबर आम्ही निवडत नव्हतो, असं वर लिहिलंय. वाचत चला. आणि पैसेवारी पिकाची असते, विहिरीची नसते. खरिपाला पाऊस वेळेवर झाला आणि नंतर पाठ फिरवली तर पीक येतं आणि टँकरही लागतो.

मांजराकाठची:
हे बरंय. नियम बरोबर, माणूस चुकीचा. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, ते कुठल्या रकान्यात बसवलं होतं?

तेरणाकाठ:
आणेवारी तरी डोळ्यांसमोर निघायची, भांडता यायचं. २०१६ च्या केंद्राच्या दुष्काळ संहितेनं तीही बाजूला सारली. आता पावसाची तूट, उपग्रहावरून पिकाचा हिरवेपणा, जमिनीतली ओल, यावर दुष्काळ ठरतो. २०१८ ला १५१ तालुके बसले. २०२३ ला ४० तालुके, आणि त्यात परभणी, हिंगोली, नांदेडचा एकही नाही. ओरड झाल्यावर हजारावर महसूल मंडळांत 'दुष्काळसदृश' जाहीर केलं. उपग्रहाला बांधावरची घाणेरी पण हिरवीच दिसती.

उत्तरेचा वारा:
म्हणजे माणसानं मोजलेलं चालत नाही, यंत्रानं मोजलेलं चालत नाही, तज्ज्ञांना विचारलेलं चालत नाही. तुम्हाला मोजमापच नकोय, तुम्हाला तक्रार हवीय.

तेरणाकाठ:
मोजमाप हवंय. ज्याच्याशी समोरासमोर भांडता येईल असं. बर्लिनला जाऊन भांडता येत नाही, उपग्रहावर चढता येत नाही. खुंटी ठोकली त्या रानात उभं राहून भांडता येतं. तुमचे सहा निर्देशांक छापतात चुकीची मर्यादा, चांगली गोष्ट आहे, तेवढं मानलं. खूश?

उत्तरेचा वारा:
एवढं मानायला अख्खा धागा लागला. फ्रेम करून लावतो.

खडूफळा:
पीक कापणीवर लक्ष ठेवा रे सगळे. २०२५ पासून राज्यात विम्याची भरपाईही त्याच्यावरच आहे. एक रुपयाचा विमा गेला, आता खरिपाला २ टक्के हप्ता भरा. पूर्वी ७२ तासांत नुकसान कळवून भागायचं, ते २०२५ ला बंद केलं. दोरीवरचं झाड आत की बाहेर, यावर आता मंडळातल्या सगळ्यांचे पैसे.

तूरडाळ:
अन् अतिवृष्टीचं? चोवीस तासांत ६५ मिलिमीटर भरले तर अतिवृष्टी. मागच्या साली आमच्या शिवारात बांध वाहून गेले, मंडळाच्या यंत्रावर आकडा साठीच्या आत. गिरदावर काका, ते यंत्र बसवलंय कुठं तेवढं सांगा.

गिरदावर:
यंत्र मंडळाच्या गावी असतं. तुमचं शिवार तिथून सात-आठ किलोमीटर असंल. पाऊस मंडळाची हद्द बघून पडत नाही, ही गोष्ट मीच वरच्या साहेबांना लिहून दिली होती. आमच्या मंडळात तर यंत्राशेजारी लिंब वाढला होता. फांद्या छाटा म्हणून पत्रही दिलं.

मांजराकाठची:
छाटल्या का?

गिरदावर:
झाड तोडायचं तर परवानगी लागती. अर्ज केला होता. मधे मी निवृत्त झालो.

शेवंती:
ऑनलाइन केला होता का काका? अर्ज क्रमांक द्या, त्रुटीत असेल. बघते.