मदत हवी आहे : चार मोबाइल आणि वाड्यातली मंगळागौर

नमस्कार मंडळी. कसबा पेठेतला आमचा वाडा पुनर्विकासाला जातोय. श्रावणात चौकात शेवटची मंगळागौर होईल. आत्या-मावश्यांच्या फुगड्या नंतर हव्या त्या कोनातून पाहता याव्यात, जिथे कॅमेरा नव्हता तिथूनसुद्धा, अशी फार इच्छा आहे.

रिकाम्या चौकाचं त्रिमितीय दृश्य बऱ्यापैकी जमलंय. भरपूर फोटो काढले, कोलमॅप या सॉफ्टवेअरने फोटोंवरून कॅमेऱ्यांच्या जागा शोधल्या, पुढचं काम गॉसियन स्प्लॅटिंगने (फोटोंवरून असंख्य धूसर रंगीत ठिपक्यांचं त्रिमितीय दृश्य उभं करणारं तंत्र; २०२३ मध्ये आलेलं, याच कामाच्या २०२० च्या नर्फ या तंत्रापेक्षा दृश्य कितीतरी झरझर फिरतं). फक्त सुरूदार खांब सगळे सारखे, त्यामुळे समोरासमोरचे दोन खांब कोलमॅपला एकच वाटतात. त्यांवर वेगवेगळे छापील कागद चिकटवू का?

खरी अडचण हलत्या माणसांची. स्टँडवर चारच मोबाइल आहेत. मोबाइलच्या जागेवरून चित्र स्वच्छ दिसतं, पण दोघांच्या मधून पाहिलं की गिरकीतल्या पदराचे धुरकट तुकडे हवेत तरंगतात. मोबाइल चार कोपऱ्यांत ठेवू की एकाच बाजूला जवळजवळ? मला दुसरं पटतं, मागची बाजू गेली तरी चालेल. शिवाय टाळीच्या आवाजावर व्हिडिओ जुळवले तरी अर्ध्या फ्रेमचा फरक उरतोच. त्यावर स्वस्तातला उपाय आहे का? पुण्यात कुणी हे केलं असेल तर कृपया सांगा, मी येऊन भेटेन.