टीएमएससाठी वेगळा एमआरआय लागतो का?

सांगलीची_ताई
धाकट्या भावाचं डिप्रेशनचं हे तिसरं वर्ष. तीन गोळ्या बदलून झाल्या, आता डॉक्टर टीएमएस म्हणतायत, म्हणजे डोक्यावर बाहेरून चुंबकाचे ठोके देऊन मेंदूचा ठरावीक भाग जागा करायचा. काल टेक्निशियननं शिंप्यासारखी टेप लावून डोक्यावर मोजलं, टोपीवर मार्करनं फुली मारली, झालं. सहा आठवडे तिथेच द्यायचं. घरी येऊन वाचलं तर अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात आधी एमआरआय काढून जागा ठरवतात! आमच्याकडे गेल्या वर्षीची फिल्म आहे, रिपोर्ट 'नॉर्मल'. ती दाखवली तर चालेल का?

चुंबकवाला
ताई, मी एमआरआयच चालवतो. ती फिल्म म्हणजे मेंदूचा फोटो, गाठबिठ दिसायला. स्टॅनफर्डवाल्यांचा फंक्शनल असतो. पेशंटनं नुसतं पडून राहायचं आणि कुठले भाग एकत्र चालतात ते रक्तातल्या ऑक्सिजनवरून काढायचं. डाव्या कपाळामागे असा ठिपका शोधतात, जो मेंदूत खोलवरच्या, उदासपणाशी जोडलेल्या सबजेन्युअल भागाच्या बरोब्बर उलट चालतो. तो प्रत्येकाचा थोडा वेगळीकडे. पेशंटनं डोकं हलवलं की मेहनत पाण्यात, आणि हलवतातच.

रेसिडेंट_दुसरं_वर्ष
स्टॅनफर्डचा २०२२चा तो अभ्यास २९ जणांचा. चार आठवड्यांत खऱ्या उपचारात ७९ टक्के लोक डिप्रेशनमधून बाहेर, खोट्यात (मशीन लावायचं, पण ठोके द्यायचे नाहीत) १३. आकडा बघून मीही उडालो होतो. पण दोन्ही गटांचं स्कॅन झालं होतं, आणि डोस म्हणाल तर दिवसाला १० सेशन, पाच दिवस. मग कमाल जागेची की डोसची? त्या आकड्यावरून सांगता येत नाही. टेपला हसू नका, २००८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली तीसुद्धा अंगठा हलवणारी जागा शोधून तिथून ५ सेंमी पुढे मोजूनच. आणि हो, स्कॅन करून 'तुमची गोळी' सांगणारा कोणी भेटला तर पैसे काढू नका. त्यावर संशोधन चालू आहे, रोजच्या ओपीडीत अजून आलेलं नाही.

आवाज_सुतारपक्ष्याचा
मी टेपवरच घेतलं. कानात बोळे घालूनही टकटक ऐकू येते. चौथ्या आठवड्यात एकदा स्वतःहून आंघोळीला उठलो, आई दारात बघतच राहिली. माझी टोपी मात्र रोज बोटभर सरकायची. स्कॅनचं राहू द्या, फुली रोज त्याच जागी येते का तेवढं बघा.

सांगलीची_ताई
आज टोपी घातल्यावर परत मोजायला लावलं. टेक्निशियन वैतागला. फुली दीड सेंमी मागे होती.