साडेचार मीटरची लाट की साडेचार मीटरची भरती?

प्रश्न : पावसाळा तोंडावर आला की पुण्याच्या पेपरांतही मुंबईची यादी छापून येते. अमुक तारखेला, अमुक वाजून अमुक मिनिटांनी साडेचार मीटरहून उंच लाटा उसळणार! लाटेचं इतकं अचूक भाकीत महिनाभर आधी करता येतं?

उत्तर : नाही येत. तो आकडा भरतीचा आहे, तिथे 'लाट' हा शब्द चूकच. भरती चंद्र-सूर्याच्या ओढीने येते आणि त्यांची चाल ठरलेली. भरतीचा चढउतार अशा ठरलेल्या कालावधीच्या अनेक आवर्तनांचा, म्हणजे घटकांचा, बनलेला असतो; चंद्रामुळे येणारा मुख्य घटक १२ तास २५ मिनिटांचा. असे अनेक घटक बेरजेला घेतले की पुढच्या अख्ख्या वर्षाचं कोष्टक तयार होतं. ही उंची सागरी नकाशाच्या आधारपातळीपासून, म्हणजे ओहोटीच्या साधारण सर्वांत खालच्या पातळीपासून मोजतात. लाट उठते वाऱ्याने. वाऱ्याचा भरवसा फार तर काही दिवसांचा, तितकाच लाटेचा. तिची उंची म्हणजे माथ्यापासून लगतच्या खळग्यापर्यंत.

प्रश्न : मग मच्छीमारांसाठीच्या इशाऱ्यात 'लाटांची उंची ३ मीटर' असते, ती कुठल्या लाटेची?

उत्तर : कुठल्याच एका लाटेची नाही, आणि हे सगळ्यांना कळायला हवं असं मला फार वाटतं. सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची ती सरासरी. दुसऱ्या महायुद्धात सैन्य किनाऱ्यावर उतरवायचं होतं, तेव्हा स्वेर्ड्रुप आणि मुंक या समुद्रशास्त्रज्ञांनी हे माप रूढ केलं. मराठीत 'लक्षणीय लाट-उंची' म्हणता येईल. आकडा ३ मीटर असला, तरी हजारेक लाटांत एखादी साडेपाच मीटरची निघते. दहा सेकंदांना एक लाट धरली तर हजार लाटा तीन तासांच्या आतच येऊन जातात. होडी छोटी असेल तर तीच लाट घात करते.

लाटांचं भाकीत करणारं गणिती मॉडेल (खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात बंदरांसाठी अशी मॉडेलं चालवतात) सुटी लाट मोजत बसत नाही. कुठल्या दिशेला, किती सेकंदांच्या लाटांत किती ऊर्जा आहे, वाऱ्याने किती भर घातली, फुटण्यात किती गेली, याचा हिशेब ठेवतं. पाण्याच्या पातळीच्या चढउताराचं प्रमाण विचलन (पातळी सरासरीपासून साधारण किती वर-खाली होते, त्याचं माप) काढून त्याची चौपट केली की लक्षणीय उंची मिळते.

प्रश्न : आणि 'उधाण'?

उत्तर : अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी भरती. बातमीत 'उधाणाची भरती, साडेचार मीटर' एवढं पुरे, लाटांचा आकडा वेगळा द्यावा. दोन्ही एकाच वेळी चढले तर पाणी बंधाऱ्यावरून आत येतं, आणि त्यात पाऊस असला तर शहरातलं पाणी समुद्रात उतरतच नाही.