हस्तक्षेप, आक्रमण की मुक्ती? आणि 'हुकूमशाही संपली' कधी म्हणायचं?

प्रश्न

एखाद्या देशात हुकूमशहा स्वतःच्याच लोकांना चिरडतोय आणि बाहेरचं सैन्य आत शिरतं. या घटनेला मराठीत नेमकं काय म्हणावं? एकाच बातमीत 'लष्करी हस्तक्षेप', 'आक्रमण' आणि 'सत्तांतर' असे तीन शब्द सापडतात. सैन्याच्या बाजूचे लोक 'मुक्ती' म्हणतात. हे समानार्थी नक्कीच नाहीत. शब्दामागचा प्रश्नही आहेच: बाहेरच्या फौजेने हुकूमशाही जाते का?

प्रतिसाद

हस्त + क्षेप, म्हणजे हात घालणं. 'ढवळाढवळ' आणि 'लुडबुड' यांत नापसंती आहे, 'हस्तक्षेपा'त तेवढी नाही. न्यायालयही हस्तक्षेप करतं किंवा करायला नकार देतं. म्हणूनच सैन्य पाठवणाऱ्या सरकारांना हा शब्द सोयीचा वाटतो.

'आक्रमण' म्हटलं की सीमा ओलांडली, हे मान्य करावं लागतं. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं कलम 2(4) दुसऱ्या देशाविरुद्ध बळ वापरायला मनाई करतं. अपवाद दोनच: कलम 51 मधलं स्वसंरक्षण आणि सुरक्षा परिषदेची परवानगी. मी हीच कसोटी लावतो. या दोन्हींपैकी काहीच नसेल तर ते आक्रमण, हेतू कितीही चांगला असो.

प्रतिसाद

कसोटी कायद्याला धरून आहे, पण कंबोडियाचं काय करायचं? 1978 च्या डिसेंबरात व्हिएतनामचं सैन्य परवानगीशिवाय आत घुसलं आणि 7 जानेवारी 1979 ला राजधानी नोम पेन्ह पडली. व्हिएतनामची स्वतःची कारणं होती. कंबोडियात तेव्हा सत्तेवर असलेल्या ख्मेर रूज या कम्युनिस्ट गटाचे सीमेवर हल्ले चालूच होते. पण त्या गटाचा नेता पोल पॉट याच्या चार वर्षांहून कमी काळाच्या राजवटीत पंधरा-वीस लाख माणसं मेली होती, आणि तो संहार थांबला तो या फौजेमुळेच. तरी संयुक्त राष्ट्रांतली कंबोडियाची जागा पुढे कित्येक वर्षं पदच्युत ख्मेर रूजच्याच प्रतिनिधींकडे राहिली. याला फक्त 'आक्रमण' म्हणून मोकळं होणं मला जमत नाही.

प्रतिसाद

आक्रमणच होतं, आणि त्याने जीव वाचवले. दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी लिहावीत, एकाने दुसरं खोडू नये. पण त्यापुढचंही बघा. व्हिएतनामचं सैन्य 1989 पर्यंत तिथेच होतं. त्याच काळात, 1985 साली पंतप्रधान झालेले हुन सेन 2023 पर्यंत पदावर राहिले आणि मग ते पद मुलाकडे गेलं. संहार थांबला, पण एकाच्या मुठीतली सत्ता काही सुटली नाही.

मला इथे 'हुकूमशहा' आणि 'हुकूमशाही' यांतला फरक महत्त्वाचा वाटतो. शहा म्हणजे माणूस. शाही म्हणजे गुप्त पोलीस, तुरुंग, पक्षाच्या शिफारशीवर मिळणारी नोकरी, शेजाऱ्यासमोर तोंड न उघडण्याची सवय. फौज शहाला हटवू शकते, कधी कधी काही आठवड्यांत. शाही मोडणं तिच्या हातात नसतं.

इराकमध्ये हे दिसलं. 9 एप्रिल 2003 ला बगदादच्या फिर्दौस चौकात काही इराकी सद्दामच्या पुतळ्याच्या चौथऱ्यावर घण घालत होते. पुतळा काही पडेना. मग अमेरिकन मरीन सैनिकांनी चिलखती वाहन आणलं आणि पुतळ्याला साखळी बांधली. एका सैनिकाने पुतळ्याच्या तोंडावर अमेरिकेचा झेंडा टाकला. थोड्या वेळाने तो काढून इराकचा लावला. शहाची सत्ता त्या दिवशी गेली. शाहीचं काय करायचं ते मे महिन्यात ठरलं. 16 मे रोजी सद्दामच्या बाथ पक्षाच्या वरच्या थरातल्या लोकांना सरकारी नोकरीतून काढण्याचा आदेश निघाला आणि 23 मे रोजी सैन्यच बरखास्त झालं. हत्यार चालवायला शिकलेली लाखो माणसं एका कागदाने बेकार झाली आणि त्यांतली बरीच पुढे बंडखोरांना मिळाली. दोन्ही आदेश अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर यांचे. ज्यांनी ती राजवट सोसली होती त्यांनी निवडून दिलेलं सभागृह तेव्हा अस्तित्वातच नव्हतं. माझा राग आहे तो इथे.

प्रतिसाद

मग दुसऱ्या महायुद्धानंतरचे जर्मनी आणि जपान? तिथे तर शाहीही गेली.

प्रतिसाद

ती युद्धं हुकूमशाही हटवायला सुरू झालेली नव्हती. शिवाय जर्मनीत वायमार काळातले, म्हणजे हिटलरच्या आधीच्या लोकशाहीतले, पक्ष आणि माणसं उरली होती, जपानची नोकरशाही बरीचशी जागेवर ठेवली गेली, आणि वर्षानुवर्षं ताबा होता. पनामाचं उदाहरण मला जास्त बोलकं वाटतं. मे 1989 च्या निवडणुकीत लोकांनी गिल्येर्मो एन्दारा यांना निवडलं होतं, हुकूमशहा नोरिएगाने ती निवडणूक रद्द केली. डिसेंबरात अमेरिकेने केलेली स्वारी माझ्या कसोटीने आक्रमणच होती आणि संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तिचा निषेधही केला. पण सत्ता कोणाकडे द्यायची हे पनामाच्या मतदारांनी सात महिने आधीच सांगून ठेवलं होतं. आतला पर्याय उभा असेल तरच बाहेरच्या बळाचा काही उपयोग होतो, असं माझं मत आहे. उलट युगांडात टांझानियाच्या फौजेने 1979 मध्ये तिथला हुकूमशहा इदी अमीन याला पळवून लावलं आणि पुढची काही वर्षं तो देश यादवीत होरपळला.

प्रश्नकर्त्याकडून

आभार. मग लिबियाबद्दल कसं लिहू? तिथे तर परवानगी होती.

प्रतिसाद

होती, पण कशाची ते तपासा. सुरक्षा परिषदेचा 17 मार्च 2011 चा ठराव क्रमांक 1973 नागरिकांच्या संरक्षणासाठी होता. राजवट बदलण्याचा त्यात उल्लेख नाही. भारत, चीन, रशिया, जर्मनी आणि ब्राझील तटस्थ राहिले. ऑक्टोबरात हुकूमशहा गद्दाफी मारला गेला आणि 2014 पर्यंत देशात दोन सरकारं उभी राहिली. तेव्हा हवाई हल्ले सुरू झाले तिथे 'लष्करी हस्तक्षेप' लिहा. ऑक्टोबरसाठी 'राजवट उलथली' म्हणा. 'सत्तांतर' नको, तो शब्द निवडणुकीनंतरच्या शपथविधीलाही चालतो. आणि 'लिबिया मुक्त झाला' हे वाक्य कुठे घ्यायचंच असेल, तर ते कोण म्हणालं, त्रिपोलीतला माणूस की विमानं पाठवणारं सरकार, ते त्याच ओळीत येऊ द्या.