सबडक्शन : अधोगमन की निमज्जन?

भाची नववीत आहे, नागपूरला आमच्याकडेच राहते. परवा पुस्तक मिटून म्हणाली, "मामा, भूपट्ट खाली जाते, मंग डोंगर वर कसा येते?" एक भूपट्ट (पृथ्वीच्या बाहेरच्या कठीण थराचा सरकता तुकडा) दुसऱ्याखाली जातो, ते सबडक्शन. वहीत तिनं त्याला 'अधोगमन' लिहिलं होतं. मी दुसरीकडे 'निमज्जन' वाचलंय. बरोबर कोणता?

उत्तर : दोन्ही चालतात, पण मी 'अधोगमन' घेईन. निमज्जनात 'मज्ज्' धातू आहे, बुडणे. तो शब्द ऐकला की तळ गाठणारा दगड दिसतो. जुना, थंड, जड सागरी भूपट्ट तसा स्वतःच्या वजनानं उतरतोही. पण सगळेच तसे नसतात. अर्जेंटिनाच्या पश्चिम भागाखाली पॅसिफिकच्या तळाचा नाझ्का भूपट्ट सुमारे 100 किमी खोलीवर जवळपास आडवा होतो आणि शेकडो किलोमीटर तसाच पुढे सरकतो. त्याला 'बुडाला' कसं म्हणायचं? 'गमन' तरी म्हणता येतं.

तुमच्या भाचीचं उत्तर इथेच आहे. आडवा पट्ट वरच्या खंडाला खालून घासत नेतो. गादीखाली सतरंजी सरकवताना गादीही पुढे जाते, तसं. यासाठी आपल्याकडे फार नेमका शब्द आहे : रेटा. हा रेटा किनाऱ्यापासून फार आतपर्यंत पोहोचतो. फॅरलॉन हा पॅसिफिकच्या तळाचा जुना भूपट्ट उत्तर अमेरिकेखाली असाच आडवा सरकला असं मानतात आणि सुमारे 8 ते 5 कोटी वर्षांपूर्वी किनाऱ्यापासून 1000 किमीहून आत रॉकीजचे डोंगर उचलले गेले.

म्हणूनच रॉकीजना सरसकट 'वली पर्वत' म्हणणं मला खटकतं. वळी पडायला थर मऊसर, घडी घालण्याजोगे हवेत. कोलोरॅडो-वायोमिंगमध्ये तर खालच्या कठीण खडकाचे अख्खे ठोकळे प्रस्तरभंगांवरून, म्हणजे खडक तुटून सरकतो त्या भेगांवरून, वर चढलेत. हिमालयाला 'वली' शोभतो. तिथे टेथिस या भारत-आशियामधल्या जुन्या समुद्राचा तळ आधी आशियाखाली गेला आणि सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूखंड येऊन भिडला.

पुन्हा मी : रेटा तिला लगेच कळला. पण आता विचारते, सीताबर्डीची टेकडीही रेट्यानंच उचलली का?

उत्तर : नाही, तो दख्खनचा काळा पाषाण. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा पसरून थिजला, मग आजूबाजूची झीज झाली आणि टेकडी उरली. तिच्यासाठी 'अवशिष्ट' म्हणा. रेट्याच्या खुणा दाखवायच्या तर रामटेकजवळ मनसरला न्या. तिथल्या मँगनीजच्या पट्ट्यातले खडक फार जुने आहेत आणि चांगले वळ्या पडलेले आहेत.