मदत हवी आहे: गुलाबावरचा लाल आणि ढोबळी मिरचीवरचा हिरवट कोळी एकच का?

पॉलिहाऊस एकच, मध्ये फक्त चालायची वाट. गुलाबाच्या पानांखाली गडद लाल कोळी आणि जाळी. ढोबळी मिरचीवर पिवळट-हिरवा, अंगावर दोन काळे ठिपके. मिरचीचे काही शेंडे आखडलेत, पानं खाली वळलीत, तिथे जाळी नाही. २० पट भिंग आहे. मित्रकोळी (पर्सिमिलिस, म्हणजे कीड-कोळ्यांना खाणारे कोळी) सोडायचे आहेत, म्हणून जात नक्की हवी.

प्रतिसाद १
रंगावर जाऊ नका. ठिपके म्हणजे पोटातलं अन्न, कातडीतून दिसतं. नुकती कात टाकलेल्या मादीला ते नसतातच. टेट्रानिकस अर्टिकीचं (दोन ठिपक्यांच्या कोळ्याचं) लाल रूपही असतं. त्याला पूर्वी सिनाबारिनस ही वेगळी जात मानत, आता बरेच तज्ज्ञ एकच धरतात. टेट्रानिकस लुडेनी ही जात मात्र लाल असूनही खरोखर वेगळी. मादीवरून हा गुंता सुटत नाही, नर लागतो: लहान, मागे निमुळता, बहुधा कात टाकायला बसलेल्या मादीशेजारी राखण करताना सापडतो.

स्लाइडवर होयर्स द्रावणाच्या (नमुना काचेवर बसवायच्या द्रावणाच्या) छोट्या थेंबात नर कुशीवर हवा. वरची काच हलकेच सरकवली की तो वळतो. मग ४५ अंश सेल्सिअसला आठवडाभर वाळवा, फेज कॉन्ट्रास्ट सूक्ष्मदर्शकाखाली ४०० पट आणि नंतर तेल लावून १००० पट बघा. जननेंद्रियाच्या टोकाची गाठ अर्टिकीत लहान असते, तिला पुढे-मागे कोन असतात. नर पालथा राहिला तर ती गाठ कळतच नाही. बहुतेक स्लाइड इथेच वाया जातात.

प्रतिसाद २
शेंड्याचं काम तिसऱ्याचंच, पिवळ्या कोळ्याचं. तो जेमतेम ०.२ मिमी, भिंगातून निसटतो, म्हणून अंडी शोधा: लंबगोल, वर पांढऱ्या टिंबांच्या ओळी. लाल कोळ्याचं अंडं गोल, मण्यासारखं. (फुलकिड्यांनी पान वर वळतं, खाली नाही.) पर्सिमिलिस याच्या वाटेला जात नाही, तो जाळीवाल्यांवरच जगतो. पिवळ्या कोळ्यासाठी गंधक द्यायचंच तर मित्रकोळी सोडण्याआधी, नंतर नको. आणि झपाझप पळणारा, चकचकीत नारिंगी, नासपतीसारख्या आकाराचा दिसला तर तो पर्सिमिलिसच. लाल कोळी समजून फवारू नका.

धागाकर्ता
नर गोळा करतो. दोन्ही पिकांचे एकाच बाटलीत चालतील?

प्रतिसाद १
नाही, वेगळ्या बाटल्या. प्रत्येकीत १०-१५ नर, ७० टक्के अल्कोहोल. पीक आणि तारीख पेन्सिलने लिहून चिठ्ठी आत टाका. पेनाची शाई अल्कोहोलमध्ये उतरते.