बंडखोर पोलिस अधिकाऱ्याची कादंबरी लिहितोय, पण माणूस खोटा वाटतोय. काय चुकतंय?

शाईचा_डाग

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

दीड वर्षापासून एक डिटेक्टिव कादंबरी लिहितोय. चकचकीत नाही, मळकट, काळोखी, जिच्यात पोलिस स्टेशनातली ट्यूबलाइट लुकलुकत असते आणि कुणाचीच झोप पुरी झालेली नसते, तशी. २१० पानं झालीत. नायक इन्स्पेक्टर आहे, वय ४६, दोनदा सस्पेंड झालेला, वरिष्ठांशी उभा दावा, बायको सोडून गेलीये, नियम मोडतो पण केस सोडवतो.

पहिली ८० पानं दोघांना वाचायला दिली. मित्र म्हणाला, भाषा चांगली आहे पण हा माणूस मला आधीपासून माहितीये. मैत्रीण म्हणाली, "हा सारखा चिडतो, पण त्याच्या चिडण्याने कुणाचं काही जात नाही." पंधरा दिवस झाले, हे वाक्य डोक्यातून जात नाहीये.

जिथे अडलोय तो प्रसंग सांगतो. सात वर्षांची मुलगी बेपत्ता. संशय शेजारच्या इमारतीतल्या एका माणसावर, पण हातात काहीच नाही म्हणून साहेब झडतीला परवानगी देत नाहीत. माझा इन्स्पेक्टर रात्री एकटा जातो, कुलूप तोडतो, आणि कपाटामागे त्याला एक छोटी सँडल सापडते, डाव्या पायाची, बक्कल तुटलेलं आणि लाल दोऱ्याने शिवलेलं. आईने जबाबात हेच सांगितलेलं असतं, बक्कल तुटलं होतं, मीच शिवून दिलं, घरात लाल दोराच होता. इथपर्यंत लिहिताना माझे हात थरथरत होते, खोटं सांगत नाही. आणि इथून पुढे मी असं लिहिलं की तो त्या माणसाची कॉलर धरतो, चार कानाखाली देतो, तो कबूल करतो, मुलगी सापडते. पान संपतं आणि सगळं मेल्यासारखं वाटतं. का? प्रसंग तर जोरदार आहे ना?

रात्रपाळी

सँडलपर्यंत मी श्वास धरून वाचलं. कॉलर धरली आणि सोडून दिलं. कारण तिथे इन्स्पेक्टरला काही ठरवावंच लागलं नाही, तुम्हीच त्याच्यासाठी दार उघडून दिलंत.

पानोपानी

शाईचा डाग, तुमच्या मैत्रिणीने नेमकं दुखणं पकडलंय. बंडखोर पोलिसाच्या कादंबऱ्या मी वेड्यासारख्या वाचल्यात, वीसेक वर्षं तरी, आणि माझं स्पष्ट मत असं झालंय की बंडाची किंमत कोण मोजतो यावर सगळी कादंबरी उभी राहते किंवा पडते. दारू, घटस्फोट, रिकामं घर ही किंमत नव्हे हो, तो नुसता वेश झाला. किंमत म्हणजे त्याने नियम मोडला त्या कृतीतूनच जे उगवतं ते.

एक उदाहरण देते, रहस्य फुटणार नाही कारण कादंबरीच तिथून सुरू होते. मायकेल कॉनलीची १९९४ची 'द काँक्रीट ब्लाँड'. लॉस एंजेलिसचा डिटेक्टिव हॅरी बॉश. चार वर्षांपूर्वी तो मदतीची वाट न बघता एकटाच एका संशयिताच्या खोलीत घुसलेला असतो, तो माणूस उशीखाली हात घालतो, बॉश गोळी झाडतो. उशीखाली काय निघतं तर केसांचा टोप. बंदूक नाही, टोप. आता त्या माणसाच्या बायकोने कोर्टात दावा लावलाय की तुम्ही भलत्याच माणसाला मारलंत, आणि बॉश रोज सूट घालून प्रतिवादीच्या जागी बसतोय आणि समोरची वकील त्याच्या त्या पाच सेकंदांचे तुकडे करतेय. बघा ना, एकट्याने घुसणं हे बाकीच्या शंभर पुस्तकांत शौर्य असतं, इथे तेच आरोपपत्र आहे. कॉनली आधी लॉस एंजेलिस टाइम्समध्ये क्राइम रिपोर्टर होता, पोलिसांमागे फिरलेला माणूस आहे, ते पानापानात कळतं.

दुसरा इयन रँकिनचा रीबस, एडिनबराचा. १९८७ पासून चालू आहे. 'ब्लॅक अँड ब्लू' (१९९७) मध्ये त्याची चौकशी लागते ती आजच्या केसची नाहीच, खूप जुनी आहे, जिथे त्याने आपल्या वरिष्ठाला सांभाळून घेतलेलं असतं. म्हणजे ज्याला आपण बंडखोर म्हणतो त्याच्या अंगावर कधीकाळी न केलेलं बंड येऊन आदळतं, ही कल्पना मला फारच आवडलेली. शिवाय रँकिनने त्याला खऱ्या वर्षांबरोबर म्हातारा केला आणि २००७च्या पुस्तकात साठ पूर्ण झाल्यावर सरळ रिटायर करून टाकला, बंडखोर असो नाहीतर कुणी, वय झालं की खुर्ची सोडावी लागते. नंतर २०१२ मध्ये परत आणला पण तेव्हा तो साधा सिव्हिलियन म्हणून जुन्या फायली चाळत असतो.

आणि ज्यांना वाटतं बंड म्हणजे टेबलावर मूठ आपटणं, त्यांनी स्वीडनच्या शोवाल आणि वालो या जोडीच्या मार्टिन बेकच्या दहा कादंबऱ्या वाचाव्यात, १९६५ ते १९७५. बेक ओरडत नाही. त्याचं पोट बिघडलेलं असतं, सर्दी झालेली असते, पहिल्या पुस्तकात एका अनोळखी बाईच्या खुनाचा तपास सहा महिन्यांहून जास्त चालतो आणि त्यातले कित्येक आठवडे काहीही घडत नाही. तरी मला तो सगळ्यात हट्टी वाटतो, कारण तो फाइल बंद करत नाही. ही मालिका जसजशी पुढे जाते तसतसा लेखकांचा राग गुन्हेगारावरून व्यवस्थेवर सरकतो आणि पोलिस खात्याला ते अजिबात सोडत नाहीत.

तुमच्या प्रसंगाकडे येते. सँडल त्याच्या हातात आहे आणि ती त्याला सापडली हे तो कुणालाच सांगू शकत नाही. यापेक्षा भयंकर जागा तुम्हाला अख्ख्या कादंबरीत मिळणार नाही आणि तुम्ही तिथून पळ काढताय.

बेधडक_वाचक

मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. सगळेच त्या थपडांच्या मागे लागलेत, पण वाचकाला मोकळं व्हायचं असतं हेही खरं आहे. आपण सगळे कुठे ना कुठे कुणापुढे गप्प बसलेलो असतो, म्हणून कुणीतरी नियम फेकून देऊन बरोबर माणसाला बरोबर जागी धरतो तेव्हा बरं वाटतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. सात वर्षांची मुलगी आहे हो. त्या क्षणी तो परवानगीच्या कागदाचा विचार करत बसला तर मी पुस्तक बंद करीन. फक्त एवढंच करा, मारल्यावर तो माणूस लगेच खरं बोलला असं दाखवू नका, ते मात्र मलाही पटलं नाही.

उलटतपासणी

बेधडक, तुमचं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे. मी फौजदारी वकिली करते, म्हणून याच बाजूने बोलते. मार बसला की माणूस बोलतो, पण मार थांबेल ते बोलतो. खरं असेलच असं नाही. त्या मुलीचा पत्ता विचारताना त्याने घाबरून भलतीच जागा सांगितली आणि सगळी टीम तिकडे पाच तास खणत बसली तर? ते पाच तास कुणाचे गेले? मैत्रीण जे म्हणाली ना, चिडण्याने कुणाचं काही जात नाही, ते इथे मुलीचं जातं.

आता पुराव्याचं. तुमची कादंबरी कुठे घडते तिथला कायदा आधी बघा, कारण हे सगळीकडे सारखं नाही. अमेरिकेत बेकायदा झडतीत मिळालेली वस्तू आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, हा नियम तिथे केंद्राच्या खटल्यांना १९१४ पासून आणि राज्यांच्या कोर्टांना १९६१च्या मॅप विरुद्ध ओहायो निकालापासून लागू आहे. म्हणजे तिथे तुमच्या इन्स्पेक्टरने कुलूप तोडलं त्या क्षणी ती सँडल खटल्यापुरती बहुधा गेली, आणि त्या सँडलवरून पुढे जे सापडेल तेही अडचणीत. इंग्लंडमध्ये १९८४च्या कायद्याने तो निर्णय न्यायाधीशावर सोडलाय, खटल्याच्या न्याय्यतेला धक्का बसत असेल तर पुरावा बाहेर ठेवता येतो, म्हणजे तिथे सगळं लटकतं ठेवता येईल, कादंबरीकाराला ते जास्त सोयीचं. मारून घेतलेल्या कबुलीबद्दल अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९३६ सालीच ब्राउन विरुद्ध मिसिसिपी खटल्यात शिक्षा रद्द केल्या होत्या. तिघा काळ्या शेतमजुरांना चाबकाने फोडून कबुली घेतली होती आणि मारलं हे पोलिसांनी साक्षीत लपवलंसुद्धा नव्हतं. तो निकाल मिळवून वाचा, शाईचा डाग. बंडखोर पोलिसाला टाळ्या मिळतात तेव्हा त्याच्या हाताखाली कोण असतं, ते त्यात दिसतं.

जुनी_वही

मी इथे फारशी लिहीत नाही पण हा धागा वाचून राहवलं नाही. माझे वडील तपासी अधिकारी होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली.

त्यांना मी कधी कुणावर ओरडताना पाहिलं नाही. रात्री घरी आले की बूट काढायच्या आधी टेबलाशी बसून केस डायरी पुरी करायचे, पेन्सिलीने समास आखून, प्रत्येक ओळीला वेळ टाकून, आणि खाली कार्बन लावून. मी लहानपणी विचारलं होतं की रोज दोनदा का लिहिता. म्हणाले, एक साहेबांची, एक माझी.

एकदा एका जबाबातून एक नाव गाळा असा निरोप आला. तोंडी. असे निरोप तोंडीच येतात. बाबांनी भांडण केलं नाही, टेबलावर हात आपटला नाही. त्यांनी विचारलं, लेखी द्याल का. लेखी अर्थातच आलं नाही, नाव जबाबात राहिलं, आणि महिन्याभरात बदली झाली अशा ठिकाणी जिथे तपासाचं कामच नव्हतं. माझी दहावी होती त्या वर्षी, आई आणि मी मागे राहिलो. आईने त्यांना बोल लावला नाही पण बॅग भरताना ती एकच शर्ट तीनदा घडी करत होती, ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

म्हणून मला कादंबऱ्यांतले वर्दी फेकणारे, बॅज टेबलावर आपटणारे इन्स्पेक्टर परके वाटतात. मी पाहिलेली बंडखोरी म्हणजे सही न करणं. तुमच्या नायकाने नियम मोडू नये असं मी म्हणत नाहीये, त्याने कुलूप तोडलं ते मला समजलं, बाबांनाही समजलं असतं. पण मग डायरीत त्या रात्रीच्या नोंदीत तो काय लिहील? आठ ते दहा काय, दहा ते बारा काय? खोटी वेळ टाकली तर तो त्याच्या साहेबांसारखाच झाला. खरी टाकली तर केस गेली. रिकामी सोडली तर उद्या कोर्टात तोच रिकामा समास त्याच्यासमोर धरतील. मला वाटतं तुमचं पुढचं प्रकरण त्या एका ओळीत आहे.

शाईचा_डाग

दोन दिवस इथे आलो नाही कारण लिहीत होतो. सगळ्यांचे मनापासून आभार, जुनी वही तुमचे जास्तच. तो कार्बन वाचून मी खुर्चीतून उठून फेऱ्या मारत होतो.

कॉलर आणि थपडा काढल्या. बेधडक, तुमचं म्हणणं मी सोडलेलं नाही, तो मारायला निघतो, जिन्यात त्या माणसाच्या अगदी समोर येतो, मूठ आवळलेली असते, आणि तो माणूस त्याला विचारतो, काही हवं होतं का साहेब. एवढंच. तो बाजूला होऊन त्याला वर जाऊ देतो. मला वाटतं वाचकाला तिथे मारण्यापेक्षा जास्त त्रास होईल.

त्याच्याआधी तो सँडल परत ठेवतो. कपाटामागे, जशी होती तशी, बक्कल भिंतीकडे. मग रात्रभर वरच्या मजल्याच्या जिन्यात बसून दारावर नजर ठेवतो, कारण तो माणूस ती फेकायला निघाला तर उघड्यावर पकडता येईल. सकाळी साहेबांकडे पुन्हा झडतीची परवानगी मागायला जातो आणि साहेब विचारतात, कालपासून आजपर्यंत नवीन काय सापडलं? त्याला उत्तर माहितीये आणि देता येत नाही. इथे पहिल्यांदा मला तो माणूस दिसला. साहेबही पहिल्यांदाच खलनायक वाटले नाहीत, त्यांचा प्रश्न बरोबर आहे. डायरीची ओळ अजून लिहिली नाहीये, तीन वेळा लिहून खोडली.

पानोपानी

हे भारी झालंय. साहेब बरोबर असणं तर फारच, बंडखोराच्या समोर मूर्ख उभा केला की बंड फुकटात पडतं.

जुनी_वही

वाचलं, दोनदा. एक विचारू? कपाटामागे धूळ असणार ना. सँडल उचलली तिथे तिच्या तळव्याचा आकार उमटला असेल आणि बाजूला त्याची बोटं. परत ठेवताना अगदी त्याच आकारात बसवली तरी बोटांचे डाग राहतील. धूळ पुसली तर नंतर येणाऱ्या पंचांना एवढीच एक जागा स्वच्छ दिसेल.

शाईचा_डाग

नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तो डाग तसेच ठेवेल. पुसायला रुमाल काढेल, वाकेल आणि रुमाल पुन्हा खिशात घालेल. आणि डायरीत खरी वेळ टाकेल, आत्ता हे टाइप करताना कळलं.